एसएपीत ‘लॉक’ दिसलं की आधी रुमाल कुणाचा ते बघा

“मॅडम, एसएपी लॉक झालंय.”

महिनाअखेरीला फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा हेच वाक्य येतं. मी पुण्यात बसून कारखान्यांच्या एसएपीचा सपोर्ट बघते. खरेदी, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स ही मंडळी दिवसभर ज्या सॉफ्टवेअरवर बसलेली असतात, त्यात काही अडलं की निस्तरायला आम्ही. या एका वाक्याचे मला आजवर तीन अर्थ सापडलेत. कुणाचा पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकून खातं बंद झालेलं असतं. कुणाला हवी असलेली ऑर्डर दुसऱ्याने आधीच उघडून ठेवलेली असते. आणि कुणाच्या पडद्यावर नुसतंच चक्र फिरत बसलेलं असतं. फोन करणाऱ्याच्या दृष्टीने तिन्ही सारखेच, कारण गेटवर ट्रक उभा आहे आणि चलन निघत नाही. पण तिन्हींचं औषध वेगळं आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर आकडे बिघडतात. पडदा अडकण्यापेक्षा ते फार महागात पडतं.

पासवर्डचा प्रकार आधी उरकून टाकू. एसएपीत मूळ सेटिंगप्रमाणे पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं बंद होतं. हा आकडा प्रत्येक कंपनी बदलू शकते. बेसिसवाले, म्हणजे एसएपीची तांत्रिक देखभाल करणारी मंडळी, एसयू०१ मध्ये जाऊन ते खातं उघडतात, अर्ध्या मिनिटाचं काम. (एसयू०१ हा टी-कोड. एसएपीत हवा तो पडदा उघडायला असे छोटे कोड टाकायचे असतात, पुढेही असे बरेच येतील.) मात्र उघडण्याआधी ते का बंद झालं तेवढं बघायचं. सिस्टीम खात्यापुढे एक आकडा लिहून ठेवते: १२८ म्हणजे पासवर्ड चुकल्यामुळे बंद, ६४ म्हणजे अ‍ॅडमिनने मुद्दाम बंद केलेलं. ६४ दिसला की हात आखडता घ्यायचा. तो माणूस नोकरी सोडून गेलेला असू शकतो किंवा त्याची चौकशी चालू असू शकते. “साहेबांनी सांगितलंय, जरा उघडा” एवढ्या फोनवर ६४ उघडणाऱ्याला पुढे ऑडिटरसमोर उत्तरं द्यावी लागतात.

आता दुसरा प्रकार. खरी गंमत इथे आहे.

एसटीत जागा धरायची आपली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग निवांत दाराकडे जायचं. त्या रुमालात कुणाला अडवायची ताकद नसते. उचलून बाजूला ठेवला तर कुणीही बसू शकतं. तरीही लोक बसत नाहीत, कारण रुमालाचा मान ठेवायचा हे सगळ्यांनी मानलेलं आहे. एसएपीतलं लॉक अगदी असंच आहे. तुम्ही एमई२२एन मध्ये खरेदीची ऑर्डर बदलायला उघडली की प्रोग्रॅम तुमच्या नावाचा रुमाल त्या ऑर्डरवर टाकतो. दुसऱ्याने तीच ऑर्डर बदलायला घेतली तर त्याचा प्रोग्रॅम आधी विचारतो, इथे रुमाल आहे का? असला तर खाली संदेश येतो की अमुक युजर या ऑर्डरवर काम करतोय. ऑर्डर नुसती बघायची असेल तर कुणीच अडवत नाही. आणि एखाद्या प्रोग्रॅमरने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हे विचारायचंच राहून गेलं, तर तो प्रोग्रॅम खुशाल रुमालावर जाऊन बसतो. सिस्टीम त्याला थांबवत नाही.

डेटाबेसला स्वतःची कुलपं असताना हा उद्योग कशाला, असं कुणालाही वाटेल. कारण माणसाच्या कामाची गती. खरेदीवाला ऑर्डर उघडतो, दर बघतो, सप्लायरला फोन लावतो, तो उचलत नाही, चहा होतो, परत फोन, आणि मग सेव्ह. यात सहज अर्धा तास जातो. तेवढा वेळ त्या एका माणसासाठी सर्व्हरचं एक काउंटर अडवून ठेवणं परवडत नाही. एसएपीत शेकडो युजरांमागे मोजकीच काउंटरं असतात, त्यांना वर्क प्रोसेस म्हणतात. तुम्ही एंटर दाबला की जे मोकळं असेल ते काउंटर तुमचा पडदा तयार करून देतं आणि लगेच पुढच्याकडे वळतं. काउंटर सुटलं की डेटाबेसचा त्या टप्प्यापुरता व्यवहारही बंद होतो आणि त्यासोबत डेटाबेसचं कुलूप सुटतं. म्हणजे दोन पडद्यांच्या मधल्या चहाच्या वेळेत ऑर्डर उघडीच राहिली असती. म्हणून एसएपीने रुमालांची वेगळी वही ठेवली. ती डेटाबेसमध्ये नसते, सर्व्हरच्या मेमरीत असते आणि ती सांभाळणाऱ्याला एन्क्यू सर्व्हर म्हणतात. सगळ्या सिस्टीमला मिळून ही वही एकच. दोन वह्या असत्या तर एका सीटवर दोन रुमाल पडले असते.

ही वही बघायची तर एसएम१२. तिथली एक ओळ अशी दिसते: क्लायंट (सिस्टीमच्या आतला स्वतंत्र कप्पा) ८००, युजर स्टोअर०३, वेळ १८:४२, मोड ई, टेबल ईकेकेओ, आणि शेवटी लॉक आर्ग्युमेंट ८००४५०००१२३४५. हा शेवटचा आकडा बघून नवखे घाबरतात. पहिले तीन अंक क्लायंटचे, उरलेले दहा म्हणजे सरळ ऑर्डरचा नंबर. ईकेकेओ हे खरेदी ऑर्डरच्या मथळ्याचं टेबल. म्हणजे वाक्य झालं: स्टोअर०३ ने संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास ४५०००१२३४५ ही ऑर्डर बदलायला उघडली आहे आणि अजून सोडलेली नाही. मोडमधला ई म्हणजे बदलायचा एकट्याचा हक्क. एस असेल तर तो वाटून घेतलेला, वाचणाऱ्यांचा. आर्ग्युमेंटमध्ये नंबराच्या जागी @ ची रांग दिसली तर मात्र सावरून बसा. याचा अर्थ प्रोग्रॅमने नंबर दिलाच नाही आणि एका सीटऐवजी अख्ख्या गाडीवर चादर पसरली. अशा वेळी युजर बिचारा निर्दोष असतो. पकडायचं असतं ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला.

रुमाल पडून का राहतो? साधी कारणं. जेवायला जाताना लॅपटॉपचं झाकण मिटलं. घरून काम करताना व्हीपीएन तुटलं. पडदा हलेना म्हणून टास्क मॅनेजरमधून खिडकी मारली. आपल्या बाजूने खिडकी गेली तरी सर्व्हरला ते लगेच कळत नाही. त्याच्या लेखी माणूस अजून विचार करत बसलाय. ठरावीक काळाने तो पलीकडे कुणी आहे का ते चाचपतो, तोवर सेशन जिवंत आणि रुमाल जागेवर.

आणि एक कारण असं की सांगताना समोरचा ओशाळतो. एका लॉगिनवर एसएपीच्या अनेक खिडक्या उघडता येतात, जुन्या सिस्टीमवर सहापर्यंत. एका खिडकीत ऑर्डर बदलायला उघडली, मध्येच साहेबांनी स्टॉक विचारला, दुसरी खिडकी उघडली, तिसरी उघडली, आणि परत येऊन नव्याच खिडकीत तीच ऑर्डर उघडली. सिस्टीम सांगते, लॉक आहे.

“कुणाच्या नावाने दाखवतंय?”

“थांबा, बघतो… मॅडम, माझ्याच.”

अशा वेळी मी फक्त “खालच्या पट्टीवरच्या सगळ्या खिडक्या एकदा बघा” म्हणते आणि फोन धरून ठेवते.

आता सोडवायचं कसं. इथे क्रमाला फार महत्त्व आहे, कारण एसएम१२ मध्ये ओळ निवडून डिलीट करायचं बटण समोरच असतं आणि ते दाबायला हात शिवशिवतात. मीही एकदा दाबलंय. चाकणच्या बाजूचा एक कारखाना, ३१ मार्चची रात्र. अकाउंट्सच्या ताईंना एका ऑर्डरचा दर दुरुस्त करून बिल चढवायचं होतं आणि ऑर्डर स्टोअरच्या काकांच्या नावाने अडकलेली. काका फोन उचलेनात. वही उघडली, त्यांची ओळ पुसली, ताईंना म्हटलं, करा. त्यांनी दर बदलला, सेव्ह केलं, सगळे खूश. काका गेले होते कँटीनमध्ये जेवायला, फोन टेबलावर ठेवून. परत आले, त्यांच्या पडद्यावर ऑर्डर जशीच्या तशी उघडी, जुन्या दरासकट. त्यांनी डिलिव्हरीची तारीख बदलली आणि सेव्ह केलं. ती ओळ जुन्या दराने पुन्हा लिहिली गेली. सिस्टीमने हूं की चूं केलं नाही. का करेल? रुमाल पुसल्याचं काकांच्या सेशनला कुणी कळवतच नाही. ते सेशन अजूनही जागा आपलीच आहे या समजुतीत असतं. सकाळी बिल आणि ऑर्डर जुळेना, तेव्हा बदलांचा इतिहास उघडून मी कपाळाला हात लावला.

म्हणून आता माझा शिरस्ता असा. नाव दिसलं की आधी माणसाला फोन. तो नाही लागला तर शेजारच्या टेबलाला. दहातली किती लॉकं इथेच सुटतात याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण तिकीट टाकून वाट बघण्यापेक्षा हे नक्कीच लवकर होतं. माणूस सापडलाच नाही तर एसएम०४ उघडायचं. तिथे त्या सर्व्हरवर कोण कोण बसलंय आणि शेवटची हालचाल कधी झाली ते दिसतं. कंपनीत अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर एकाहून जास्त असतील तर एएल०८ बघायचं, नाहीतर माणूस दुसऱ्या सर्व्हरवर असतो आणि आपण इथे तो नाहीच म्हणून निष्कर्ष काढून मोकळे होतो. नाव एखाद्या बॅकग्राउंड जॉबच्या, म्हणजे माणसाशिवाय आपोआप चालणाऱ्या कामाच्या युजरचं असेल तर एसएम३७ मध्ये जॉब चालू आहे का ते बघायचं. चालू असेल तर त्याला संपू द्यायचं. रात्रीचा जॉब अर्ध्यात मारणं म्हणजे अर्ध्या पगाराचं वाटप करून बँक बंद करण्यासारखं.

सेशन सापडलं, दोन तास हालचाल नाही, माणूस घरी गेलाय हे पक्कं झालं, तर ते सेशन संपवायचं. सेशन संपलं की त्याचे रुमाल आपोआप उचलले जातात, आणि परत येऊन जुन्या पडद्यावरून सेव्ह करायला तिथे पडदाच उरत नाही. न सेव्ह केलेलं काम जातं, त्याची कल्पना दुसऱ्या दिवशी त्या माणसाला द्यायची. एसएम१२ मधून थेट ओळ पुसायची वेळ शेवटची: ओळ आहे पण तिचा धनी असलेलं सेशन कुठेच नाही, जॉब नाही, आणि अजून एक गोष्ट तपासून झालीय, तेव्हाच.

ती अजून एक गोष्ट म्हणजे अपडेट. एसएपीत सेव्ह दाबलं की प्रत्येक वेळी डेटाबेसात लगेच लिहिलं जातं असं नाही. बरेच व्यवहार एक चिठ्ठी तयार करून अपडेट नावाच्या वेगळ्या कारकुनाकडे टाकतात आणि तुमचा पडदा मोकळा करतात. तुम्हाला ऑर्डर नंबर दिसला तरी ती चिठ्ठी अजून रांगेत असू शकते. तोवर रुमाल कुणाचा? तो चिठ्ठीसोबत त्या कारकुनाकडे जातो. एसएम१२ मध्ये अशा ओळी निळ्या दिसतात. नाव जुन्याच युजरचं, पण तो माणूस लॉग ऑफ करून गाडीत बसलेला. निळी ओळ दिसली की एसएम१३. तिथे ती चिठ्ठी खोळंबलेली सापडते. कधी कधी पूर्ण अपडेटच बंद पडलेलं असतं. डेटाबेसमध्ये जागा संपण्यासारखा गंभीर घोळ झाला की सिस्टीम ते आपणहून बंद करू शकते. मग एकाच वेळी वीस जणांचे फोन येतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच ऑर्डर अडली. अशा वेळी वीस ओळी पुसत बसलात तर वीस अर्धवट व्यवहारांवरचं छप्पर काढलंत. जागा वाढवा, अपडेट चालू करा, चिठ्ठ्या मार्गी लागतात आणि रुमाल स्वतःहून निघतात. “सर्व्हर रीस्टार्ट करा ना” हा सल्लाही इथे चालत नाही. निळ्या ओळींची नोंद डिस्कवरही असते. वही नव्याने उघडली की त्या परत हजर.

तिसरा प्रकार, फिरत बसलेलं चक्र, हे खरं म्हणजे लॉक नव्हेच. तिथे माणूस काउंटरवर उभा आहे आणि काउंटरमागचा कारकून, म्हणजे वर्क प्रोसेस, आत कपाटात काहीतरी शोधतोय. एसएम५० मध्ये, किंवा सगळ्या सर्व्हरवर एकदम बघायचं तर एसएम६६ मध्ये, तो कारकून काय करतोय ते दिसतं. कुणीतरी तारीख न घालता पाच वर्षांचा रिपोर्ट चालवलेला असतो. मूळ सेटिंगप्रमाणे ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं झाली की सिस्टीम असं काम स्वतःच तोडते. दोन कारकून डेटाबेसच्या एकाच ओळीसाठी खोळंबले असतील तर ते डीबी०१ मध्ये सापडतं. ही डेटाबेसची खरी कुलपं, रुमाल नव्हेत. त्यात युजरने करण्यासारखं फारसं काही नसतं, वारंवार एंटर न दाबण्याखेरीज.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे ओळखीचं वाटेल. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स जीपीमध्ये रुमालांची वही चक्क डेटाबेसच्या टेबलांत असते. कोण आत आहे ते अ‍ॅक्टिव्हिटी नावाच्या टेबलात, कुणी कुठला बॅच (व्यवहारांचा गठ्ठा) धरलाय ते एसवाय००८०० मध्ये. तिथे सेशन अर्ध्यात मेलं की ओळी मागे राहतात, आणि परवाने मोजके असतील तर नसलेला माणूस जागा अडवून बसतो. उपाय म्हणून लोक त्या टेबलांतल्या ओळी सरसकट उडवतात. बाकीचे सगळे बाहेर आहेत ना हे न बघता उडवलं, की ३१ मार्चची माझी रात्र तिथेही होते.

मग दोन तास रिकाम्या बसलेल्याला आपोआप बाहेर काढावं का? एसएपीत तशी सोय आहे, मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते. बऱ्याच बेसिसवाल्यांना ती हवी असते. माझं मत जरा सावध आहे. पंधरा मिनिटांची मर्यादा घातली की स्टोअरमध्ये साठ ओळींची पावती भरणारा माणूस मध्येच ट्रक उतरवून घ्यायला जातो आणि परत येतो तेव्हा सगळं गायब. मग तो कागदावर लिहून ठेवायला लागतो आणि संध्याकाळी एकदम भरतो, म्हणजे दिवसभर स्टॉक खोटा. तासाभराची मर्यादा मला माणसांना झेपणारी वाटते. मालाच्या हालचालींसाठी मात्र एक चांगली सोय आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही: ओएमजेआय मध्ये मटेरियलवरचं लॉक उशिरा लावायचं ठरवता येतं. एमआयजीओ, म्हणजे मालाची आवक-जावक नोंदवायचा पडदा, उघडल्यापासून मटेरियल अडवून ठेवायच्या ऐवजी सेव्हच्या वेळेपुरतंच अडवायचं. एकच नट-बोल्ट चार लाइनींना एकाच वेळी देणाऱ्या स्टोअरमध्ये याने रोजची कटकट संपते.

एक भूत राहिलं. रोज सकाळी कुणी पासवर्ड न चुकवताच बंद होणारं खातं. उघडलं की तासाभरात परत बंद. हे हमखास एखाद्या जोडणीचं काम असतं: वजनकाट्याचं किंवा बारकोडचं सॉफ्टवेअर, जे त्या युजरच्या नावाने एसएपीत शिरतं. कुणीतरी शिस्तीत पासवर्ड बदलला आणि त्या मशीनमध्ये जुनाच राहिला. मशीन दमत नाही, ते बंद दारावर ठोकत राहतं. सिक्युरिटी ऑडिट लॉग चालू असेल तर एसएम२० मध्ये कुठल्या टर्मिनलवरून हे होतंय ते कळतं. नसेल तर वजनकाट्यापर्यंत चालत जायचं.

आणि फोन करणाऱ्यांना एक विनंती. नुसतं “लॉक झालंय” ऐवजी चार गोष्टी सांगा: कुठला टी-कोड, कुठला ऑर्डर नंबर, खालच्या पट्टीवर कुणाचं नाव आलंय, आणि किती वाजता. जमलं तर पडद्याचा फोटो, नंबर नीट वाचता येईल असा. मागच्या आठवड्यात एका डिस्पॅचवाल्याने फोटो पाठवला, त्यात अर्ध्या पडद्यावर त्याच्याच ट्यूबलाइटचा उजेड होता. नाव मात्र सुदैवाने उरलेल्या अर्ध्यात होतं.